न वेचलेला खडा : ‘नेग्लिजन्स’ या शब्दाची कुळकथा

अपघाताची बातमी असली की तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून...’ पोलिसांच्या फिर्यादीतून ते जसंच्या तसं छापलं जातं. दुर्लक्ष, हयगय, अविचार, तिन्ही एका दमात. पुढच्या परिच्छेदात चौथा शब्द हजर : निष्काळजीपणा. ज्या कलमासाठी ही सगळी जमवाजमव चाललेली असते ते मुळात इंग्रजीत लिहिलेलं, आणि तिथे एवढ्या सगळ्याचं काम दोनच शब्दांवर भागतं : रॅश आणि नेग्लिजंट.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुनं कलम ३०४ अ गेलं, १०६ आलं. त्याआधी जानेवारीतच या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमावरून, म्हणजे अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीवरून, ट्रकचालक संपावर गेले होते आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. ते पोटकलम सध्या बाजूला ठेवलेलं आहे. पहिलं मात्र लागू आहे : निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचारादरम्यान झाला, तर दोन वर्षांपर्यंत.

अशा बातमीवर घराघरांत चर्चा होते आणि ती नेमकी एका शब्दावर अडते. ‘अहो, ते डॉक्टर रात्रभर पेशंटच्या उशाशी बसून होते, त्यांना निष्काळजी कसं म्हणता?’ किंवा उलट : ‘ड्रायव्हर नंतर ढसाढसा रडला म्हणे. त्याला काही वाटत नव्हतं असं कसं म्हणायचं?’ प्रश्न रास्त आहेत. पण ते मराठी शब्दाला विचारलेले प्रश्न आहेत. कायद्यातल्या मूळ शब्दाची जात वेगळी आहे, आणि ती समजायला दोन हजार वर्षं मागे, रोमन लोकांच्या शेतात जावं लागतं.

आधी सुपातले तांदूळ

माझी आजी दुपारी ओसरीवर बसून तांदूळ निवडायची. मांडीवर सूप, नाकावर चश्मा, बोटं सारखी चाललेली. खडा दिसला की उचलायचा, बाजूला टाकायचा. एखाद्या दिवशी गप्पा रंगल्या की एखादा खडा राहून जायचा आणि रात्री आजोबांच्या दाताखाली यायचा. आजोबा काही बोलत नसत, नुसतं घास थांबवून ताटाकडे बघत. आजी ओशाळून म्हणायची, ‘राहिला वाटतं एक.’

हा ‘राहिलेला एक’ म्हणजेच नेग्लिजन्स.

लॅटिन भाषेत ‘लेगेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा जुना, शेतातला अर्थ वेचणे, निवडणे, गोळा करणे. द्राक्षं वेचायची, ऑलिव्ह वेचायचे, कापणीनंतर पडलेली कणसं वेचायची. त्याच्या आधी नकार जोडला की झालं ‘नेग्लेगेरे’ : न वेचणे, न उचलणे, राहू देणे. हा ‘नेग्’ आणखी एका ओळखीच्या शब्दात दडलेला आहे. लॅटिनमध्ये ‘ओटियुम’ म्हणजे फुरसत. ज्यात फुरसत नाही तो ‘नेगोटियुम’, म्हणजे व्यापार-धंदा. त्यातून इंग्रजीत ‘निगोशिएशन’, वाटाघाटी. ज्याने कधी जागेचा सौदा केला आहे त्याला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागणार नाही.

नेग्लेगेरेपासून भाववाचक नाम ‘नेग्लेगेन्तिया’. ते जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं आणि ‘नेग्लिजन्स’ झालं. ‘नेग्लेक्ट’ हे क्रियापद त्यानंतर, सोळाव्या शतकात, थेट लॅटिनवरून घेतलेलं. ‘नेग्लिजिबल’ म्हणजे उचलून घेण्याच्याही लायकीचं नाही ते. आपण त्याला नगण्य म्हणतो, मोजण्याच्या लायकीचं नाही ते. त्यांनी वेचायचं नाकारलं, आपण मोजायचं. आणि फ्रेंचांनी त्याच क्रियापदातून ‘नेग्लिजे’ काढलं : अठराव्या शतकात बायका घरात घालायच्या तो सैलसर, नीटनेटकेपणाची फिकीर न केलेला झगा. आज दुकानात त्या नावाने जे झिरझिरीत काही विकतात ते त्याचंच वंशज. कोर्टात आणि कपड्यांच्या कपाटात एकच शब्द टांगलेला असण्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

एकाच सुपातले इतर दाणे

लेगेरेचं कुटुंब इतकं मोठं आहे की इंग्रजी शिकलेला माणूस दिवसातून दहा वेळा त्यातल्या कुणाला तरी भेटतो. कलेक्शन म्हणजे एकत्र वेचलेलं. सिलेक्शन म्हणजे वेचून बाजूला काढलेलं. ‘इलेक्शन’मध्ये ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे. इथे मराठीने नकळत तोच रस्ता धरलेला आहे : निवडणे, त्यातून निवडणूक. सुपातला खडा आणि मतपेटीतला उमेदवार या दोन्हींसाठी आपण एकच क्रियापद वापरतो, रोमनांनीही तेच केलं. कोण खडा आणि कोण दाणा, हे मतदाराने ठरवायचं.

‘एलिगंट’ याच घरचा : निवडक, चोखंदळ. ‘लीजन’ म्हणजे रोमन पलटण, वेचून भरती केलेले लोक. सरपणाला लॅटिनमध्ये ‘लिग्नुम’ म्हणत, आणि तो शब्दही ‘वेचून आणलेलं’ यावरूनच आला असं मानतात. काटक्या वेचायला गेलेल्या बायकांचं हे सरपण पुढे ‘लिग्नाइट’ कोळशाच्या नावात जाऊन बसलं. लेगेरेला एक वाईट अर्थही होता, चोरणे. देवळातली वस्तू उचलणारा तो ‘साक्रिलेगुस’. त्यावरून इंग्रजीत ‘सॅक्रिलेज’, म्हणजे पवित्र गोष्टीची विटंबना. आपल्याकडे ‘उचलणे’ या साध्या क्रियेतून ‘उचल्या’ तयार झाला, तसंच.

मग लेगेरेने सगळ्यात लांब उडी घेतली. वेचणे या अर्थावरून ते ‘वाचणे’ या अर्थावर आलं. डोळ्यांनी एकेक अक्षर वेचायचं, गोळा करायचं, म्हणजे वाचायचं. म्हणून ‘लेक्चर’, ‘लेसन’, ‘लेजिबल’ हे सगळे वेचणाऱ्याचे नातेवाईक. ‘लेजंड’ म्हणजे मुळात ‘वाचायच्या गोष्टी’, संतांची चरित्रं. जर्मनमध्येही हेच दिसतं : ‘लेझेन’ म्हणजे वाचणे, आणि द्राक्षांच्या तोडणीला आजही ‘वाइनलेझे’ म्हणतात. ग्रीक मात्र वेगळ्या वाटेने गेले. त्यांचं ‘लेगेइन’ वेचण्यावरून बोलण्यावर आलं, शब्द वेचून मांडणं म्हणजे बोलणं. डायलॉग, लेक्सिकन हे तिकडचे. ‘अँथॉलॉजी’त फक्त जुना अर्थ टिकला : फुलं वेचणे. आपलं ‘वाचणे’ संस्कृतच्या ‘वच्’वरून, म्हणजे बोलण्यावरून, आलेलं. तरी वेचण्याशी आपलंही नातं तुटलेलं नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत धड्यांना ‘वेचे’ म्हणत, ते आठवत असेल.

आणखी दोन भावंडं राहिली. ‘इंटेलिजन्स’ म्हणजे दोन गोष्टींच्या मधून नेमकं वेचणं, फरक कळणं. ‘डिलिजन्स’ म्हणजे निवडून जवळ केलेल्या गोष्टीशी इमान राखणं, आस्थेने काम करणं. लॅटिनमध्ये ‘दिलिगेरे’चा अर्थ प्रेम करणे असाही होता. नेग्लिजंट, डिलिजंट आणि इंटेलिजंट ही एका आईची तीन मुलं : एक राहू देणारा, एक आस्थेने जपणारा, एक फरक ओळखणारा. हे तिघे पुढे एकत्र कोर्टात हजर होणार आहेत.

झाडावरचा माणूस

रोमन कायद्यात दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलचा मुख्य कायदा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्यावर पुढच्या कायदेपंडितांनी जो खल केला तो सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३३ मध्ये संकलित करून घेतला (हेही वेचेच). त्यात एक उदाहरण आहे. एक माणूस झाडावर चढून फांद्या छाटतो आहे. त्याने फांदी खाली टाकली आणि खालून जाणारा माणूस मेला. दोष कुणाचा?

कोकणात किंवा गोव्यात नारळ काढायला आलेला पाडेली पाहिला असेल तर उत्तर तुम्हीच द्याल : वरून हाळी दिली होती का? खाली माणसांचा रस्ता असेल तर ओरडायला हवं होतं. रोमन पंडित पाउलुस याने नेमकं हेच म्हटलं, आणि त्याच्याही आधीच्या मुकियुस याचं मत उद्धृत केलं. जे एखाद्या ‘दिलिगेन्स’ माणसाला आधी दिसलं असतं ते ज्याने पाहिलं नाही, तो दोषी.

या वाक्यात काय नाही ते पाहण्यासारखं आहे. झाडावरच्या माणसाच्या मनात काय होतं, हे कुणी विचारत नाही. तो दुष्ट होता का, त्याला खालच्या माणसाबद्दल आपुलकी होती का, नंतर तो रडला का, हे सगळं बाजूला. त्याच्या शेजारी एक काल्पनिक माणूस उभा केला जातो, सावध आणि आस्थेचा, आणि विचारलं जातं : याने काय केलं असतं? त्याने ओरडून सांगितलं असतं. तू ओरडलास? नाही. मग हा खडा तू राहू दिलास.

उल्पियान या पंडिताने ‘घोर चूक’ म्हणजे काय हे एका ओळीत सांगितलं. घोर चूक म्हणजे अतोनात नेग्लेगेन्तिया, म्हणजे जे सगळ्यांना कळतं ते न कळणं. मूळ लॅटिनमध्ये त्या ओळीतलं ‘कळणे’ हे क्रियापद ‘इन्तेल्लेगेरे’ आहे. म्हणजे तिसरं भावंडही साक्षीला आलं. लॅटिन ऐकणाऱ्याच्या कानाला त्या ओळीत यमकच ऐकू येत असणार. भाषांतरात ते पार हरवतं, मराठीतही आणि इंग्रजीतही.

‘हे सगळं पक्कं आहे का?’

नाही, आणि ते सांगायलाच हवं. एका जागी भाषातज्ज्ञांचं एकमत नाही, आणि ती जागा मोठी गमतीची आहे.

लॅटिनमध्ये क्रियापदाचं भूतकाळी रूप पाहिलं की त्याची जात कळते. लेगेरेच्या भूतकाळात ‘लेगी’ येतं. त्याच्या मुलांचंही तसंच : ‘मी निवडलं’ म्हणजे ‘एलेगी’, ‘मी गोळा केलं’ म्हणजे ‘कोल्लेगी’. पण ‘मी दुर्लक्ष केलं’ म्हणजे ‘नेग्लेक्सी’! ‘मला कळलं’ म्हणजे ‘इन्तेल्लेक्सी’, ‘मी प्रेम केलं’ म्हणजे ‘दिलेक्सी’. आपली तीन भावंडं नेमकी वेगळी चालतात. यावरून काही अभ्यासक म्हणतात की ही तिघं ‘वेचणे’वाल्या घरची नाहीतच, ती एका दुसऱ्या, विसरल्या गेलेल्या धातूची मुलं असावीत. त्या धातूचा अर्थ ‘आस्था असणे, पर्वा करणे’, आणि त्याचा ग्रीक नातेवाईक ‘अलेगेइन’ हा होमरच्या काव्यातही भेटतो. हे खरं मानलं तर नेग्लिजन्सचा मूळ अर्थ होतो ‘पर्वा नसणे’. म्हणजे आपण ज्याला चुकीचा समजत होतो तो ‘निष्काळजीपणा’ पुन्हा दारात उभा!

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे खुद्द रोमन लोकांच्या मनात काय होतं. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो ‘रिलिजन’ या शब्दाची फोड करताना म्हणतो की तो ‘पुन्हा पुन्हा वेचणे, चाळणे’ यावरून आला, आणि दाखल्यासाठी निवडण्यावरून एलिगंट, दिलिगेरेवरून डिलिजंट, इन्तेल्लेगेरेवरून इंटेलिजंट अशी रांग लावतो. या सगळ्यांत वेचण्याचीच शक्ती आहे, हे त्याचं म्हणणं. (‘रिलिजन’बद्दल त्याचं हे मत सगळ्यांनी मानलं नाही. साडेतीनशे वर्षांनी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तो शब्द ‘बांधणे’ यावरून आला असं सांगितलं, आणि तो वाद अजून चालू आहे.) व्युत्पत्ती बरोबर असो वा चूक, लॅटिन बोलणाऱ्या शिकलेल्या माणसाला या शब्दांतून वेचणारा हात दिसत होता.

दुसरी गोष्ट थोडी रुक्ष आहे. शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नसतं. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला कुणी खोटं म्हणत नाही. कोर्टात नेग्लिजन्सचा अर्थ ठरला तो खटल्यांनी, शब्दकोशाने नाही. व्युत्पत्ती आपल्या हाती एक चित्र देते, पुरावा देत नाही. हे चित्र कायद्याच्या अर्थाशी जुळतं म्हणूनच मी ते वापरतो आहे.

इंग्रजीचे स्वतःचे शब्द कुठे गेले?

इंग्रजीकडे परका शब्द घेण्याआधी घरचे दोन होते. ‘केअरलेस’ जुन्या इंग्रजीत होता, पण त्याचा तेव्हाचा अर्थ आपल्या ‘निश्चिंत’च्या जवळ. ‘केअर’ म्हणजे दुःख, चिंता, घोर. ज्याला घोर नाही तो केअरलेस, सुखी माणूस. दुसरा ‘रेकलेस’, ज्याला परिणामांची पर्वा नाही असा. गंमत अशी की यातला ‘रेक’ त्या ग्रीक ‘अलेगेइन’चा दूरचा नातेवाईक असावा असंही काही जण सुचवतात. या दोन्ही शब्दांचा रोख माणसाच्या मनाकडे आहे. इंग्लंड जिंकून घेणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांमागून कोर्टकचेऱ्यांची भाषा बदलली आणि तिसरा शब्द आला, तो मात्र राहिलेल्या कामाकडे बोट दाखवणारा.

भारतीय कायद्यात ‘रॅश’ आणि ‘नेग्लिजंट’ शेजारी शेजारी आहेत, पण ते समानार्थी नाहीत. १८६० च्या मूळ दंड संहितेत कलम ३०४ अ नव्हतंच. ते १८७० मध्ये घातलं. लगेच प्रश्न आला की दोन शब्द का? १८७२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फरक सांगितला. धोका आहे हे कळत असतं, पण ‘होणार नाही काही’ अशा भरवशावर माणूस पुढे जातो, तो रॅश. धोका मनात येतच नाही, पण जेवढी खबरदारी घेणं भाग होतं तेवढी घेतली असती तर आला असता, तो नेग्लिजंट. घाटातल्या वळणावर समोरचं दिसत नसताना ओव्हरटेक करणारा पहिल्यातला. निघण्यापूर्वी ब्रेक तपासायचं ज्याच्या डोक्यातच आलं नाही, तो दुसऱ्यातला. आपल्या फिर्यादीतला ‘अविचार’ पहिल्याजवळ जातो, ‘हयगय’ दुसऱ्याजवळ. म्हणजे ते ठरीव वाक्य वाटतं तितकं निरर्थक नाही.

बाटलीतली गोगलगाय

नेग्लिजन्स हा शब्द जगभर कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला तो एका गोगलगायीमुळे. २६ ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावातल्या एका कॅफेत मे डोनह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बीअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. थोडी बीअर आइस्क्रीमवर ओतून बाईंनी घेतली. उरलेली ओतताना बाटलीतून सडलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं. त्या आजारी पडल्या.

अडचण अशी, की बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिले होते. विक्रेत्याशी करार असलाच तर तो मैत्रिणीचा, आणि बाटली भरणाऱ्या कारखानदाराशी तर दोघींचाही नाही. तेव्हाच्या कायद्याने बाईंच्या हाती फारसं काही नव्हतं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने निकाल लागला. तिथल्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड ॲटकिन यांनी बायबलमधल्या ‘शेजाऱ्यावर प्रेम कर’ या आज्ञेचं कायद्यात रूपांतर केलं. आपल्या करण्याने किंवा न करण्याने ज्याला इजा होईल हे आधी दिसण्यासारखं आहे, तो तुमचा शेजारी, आणि त्याला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे तुमचं कर्तव्य. झाडावरच्या माणसाखालून जाणारा वाटसरू कित्येक शतकांनी बाटलीशी येऊन थांबला.

गोगलगाय खरंच बाटलीत होती का, हे मात्र कधीच सिद्ध झालं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने फक्त ‘असेल तर दावा चालेल’ एवढं ठरवलं, आणि पुढे साक्षीपुरावा होण्याआधीच प्रकरण मिटलं. जगातली ही सर्वांत प्रसिद्ध गोगलगाय कदाचित नव्हतीच.

‘पण इथेही काळजी आलीच ना?’

बरोबर पकडलंत. ॲटकिन यांच्या वाक्यात ‘केअर’ आहे, मी स्वतः ‘वाजवी काळजी’ असं लिहिलं. मग निष्काळजीपणा हे भाषांतर चुकलं कुठे?

उत्तर मराठीतच आहे, आणि ते नामात सापडत नाही, त्यापुढच्या क्रियापदात सापडतं. काळजी वाटणे, काळजी करणे आणि काळजी घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटते ती मनात. करतो ती आपण जागून, येरझाऱ्या घालून, आणि तिचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नसतो. घेतो ती हातांनी : औषधाची बाटली वाचून, ब्रेक तपासून, खाली हाळी देऊन. कायद्याला फक्त तिसरीशी कर्तव्य आहे. ‘निष्काळजी’ या शब्दात तिन्ही एकाच वेळी नाकारल्या जातात. म्हणून उशाशी बसलेल्या डॉक्टरला तो शब्द लावला की नातेवाईक गोंधळतात. काळजी वाटणं आणि करणं यात ते कमी पडलेले नसतात. प्रश्न घेण्याचा असतो. आजीचं आजोबांवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? खडा तरी राहिलाच होता.

डॉक्टरांच्या बाबतीत एवढं सोपं आहे?

नाही. वाईट निकाल लागला की नेग्लिजन्स झाला, असं होत नाही. शस्त्रक्रिया बिघडू शकते, औषध लागू न पडू शकतं. पुन्हा तोच काल्पनिक माणूस उभा करावा लागतो, फक्त आता तो त्याच शाखेतला, साधारण कौशल्याचा डॉक्टर असतो. त्याने त्या परिस्थितीत असंच केलं असतं का? दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो फसला, तर ती निवड होती, राहून जाणं नव्हे. लेगेरे झालं, नेग्लेगेरे नाही.

दुसरी गाळणी प्रमाणाची. नुकसानभरपाई मागणं वेगळं आणि तुरुंगात पाठवणं वेगळं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून भरपाईसाठी ग्राहक मंचाकडे (आता ग्राहक आयोगाकडे) जाता येतं. फौजदारी खटल्यासाठी मात्र २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयाने उंबरठा उंच केला. साधी चूक किंवा निर्णयातली गफलत पुरेशी नाही; घोर नेग्लिजन्स हवा, आणि खटल्याआधी त्याच विषयातल्या तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या. ‘घोर’ म्हणजे किती, याचं मोजमाप कुणालाच अंकांत देता आलेलं नाही. फिरून फिरून सगळे उल्पियानच्या ओळीपाशी येतात : जे सगळ्यांना कळतं ते न कळणं.

मराठीत मग काय म्हणायचं?

शब्दांची वाण आपल्याकडे नाही. दुर्लक्ष आणि उपेक्षा दोन्ही डोळ्यांशी बांधलेले. उपेक्षेतला ‘ईक्ष’ म्हणजे पाहणे. प्रमाद ‘मद’वरून, धुंदीत झालेली चूक, पालीमध्ये तो शब्द बेसावधपणासाठी होता, आणि बुद्धाच्या शेवटच्या उपदेशात त्याचा उलटा, अप्रमाद, आहे. गाफील आणि गफलत अरबीतून आले, दोन्ही बेसावध मनाचे. बेफिकीर आणि बेपर्वा हे फारसी ‘बे’ लावलेले, आणि त्यांत थोडी मग्रुरीची छटा असते, जी राहिलेल्या खड्यात नसते. हलगर्जीपणा वर्तमानपत्रांचा लाडका. तो म्हटला की माणूस आळशी ठरतो. प्रत्येक शब्द माणसाबद्दल काहीतरी बोलतोच, कामाबद्दल बोलत नाही.

एक शब्द मात्र बोलतो, आणि तो आपल्याकडे सरकारी कपाटात पडून आहे : कसूर. मूळ अरबी, अर्थ ‘कमी पडणे, पुरं न पोचणे’. कसूर करणाऱ्याला काय वाटत होतं याची त्या शब्दाला फिकीर नाही. किती करायचं होतं आणि किती झालं, एवढंच तो मोजतो. तलाठ्यापासून फौजदारापर्यंत प्रत्येकाच्या निलंबनाच्या आदेशात तो असतो, ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल’. त्याच कचेरीतून निघालेल्या अपघाताच्या फिर्यादीत मात्र तो नसतो. तिथे दुर्लक्ष, हयगय, अविचार.